छातीवर दाब देताना तोंडून ‘देवा’ निघालं, मग माझा विश्वास आहे असंच म्हणायचं का?

कोरीपाटी:

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. आज लिहून टाकते.

माझं वय ४९. गेली पंचवीसेक वर्षं मी देव मानत नाही. कुणाशी भांडून किंवा कुठलं पुस्तक वाचून हे झालं नाही. प्रार्थना करताना आपण कुणाशी बोलतोय असं वाटेनासं झालं, म्हणून हळूहळू ती सुटली. घरात सगळ्यांना हे ठाऊक आहे आणि त्यावरून कधी ताणाताणी झालेली नाही.

सात आठवड्यांपूर्वी पहाटे माझा नवरा न्हाणीघराच्या दाराशी कोसळला. हाक मारली, हलवलं, काही नाही. मधूनच घशातून घरघर यायची, तो श्वास नव्हता. फोन लावून स्पीकरवर ठेवला. पलीकडच्या बाईंनी दोनच प्रश्न विचारले, शुद्धीवर आहेत का, नीट श्वास घेताहेत का. मी दोन्हीला नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, छातीच्या मधोमध एका हातावर दुसरा हात ठेवा, कोपर वाकवू नका, जोरात दाबा, आणि माझ्याबरोबर मोठ्यांदा मोजा. एक, दोन, तीन, चार. एक, दोन, तीन, चार.

मी मोजत होते. दुसऱ्या की तिसऱ्या मिनिटाला हाताखाली बरगडी कडकन वाजली. कानाला ऐकू यायच्या आधी ते तळव्याला कळलं. मी थांबले. बाई म्हणाल्या, थांबू नका, असं होतं, चालू ठेवा. मी चालू ठेवलं.

नेमक्या त्यानंतर माझी मोजणी सुटली असावी. पुढचं मला आठवत नाही, माझ्या नणंदेनं सांगितलं म्हणून कळलं. ताई त्या रात्री आमच्याकडेच होत्या. आवाजानं उठून आल्या आणि चौकट धरून उभ्या राहिल्या. त्या म्हणतात, फोनमधली बाई ‘एक, दोन, तीन, चार’ म्हणत होती आणि मी तिच्याच तालावर ‘देवा, देवा, देवा, देवा’ म्हणत होते. मदत येईपर्यंत.

नऊ मिनिटं गेली. मिनिटाला शंभर ते एकशेवीस दाब द्यायचे असतात, म्हणजे हजाराच्या आसपास झाले असतील. मदतीला आलेल्यांनी दोनदा शॉक दिला आणि नाडी परत लागली. अकरा दिवस रुग्णालयात काढले. आता तो घरी आहे, चालतो, बोलतो, बरगड्या दुखतात म्हणून कुशीवर वळता येत नाही एवढंच.

माणसं भेटायला आली तेव्हा ताई सगळ्यांसमोर म्हणाल्या, “तोंडानं कितीही नाही म्हणू दे, वेळ आली तेव्हा देवच आठवला ना? आतून आहेच तिला.” माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच जास्त लागलं. टोमण्याला उत्तर देता येतं.

तेव्हापासून मला नीट झोप नाही. मला वादात जिंकायचं नाहीये. आतून काही वेगळंच असेल तर तेही मान्य करायची माझी तयारी आहे. पण मला खरंच जाणून घ्यायचंय की पंचवीस वर्षं मी स्वतःशी खोटं बोलत होते का. जीव टांगणीला लागलेला असताना जे तोंडून निघतं तेच खरं, असं असतं का?

पैलतीर:

बाकीचं नंतर बोलू. आधी एवढंच सांगतो की बरगडी मोडल्यावर कुणीही घाबरून थांबलं असतं. तुम्ही थांबला नाहीत. तुमचे यजमान घरी आहेत हे वाचून फार बरं वाटलं.

वाचासोबती:

ताई, मी अठरा वर्षं स्पीच थेरपीचं काम करते. मेंदूत रक्तस्राव होऊन किंवा गुठळी अडकून ज्यांची भाषा जाते, त्या माणसांबरोबर माझा दिवस जातो. तुमच्या लिहिण्यात एक बारीकशी गोष्ट आहे, ती तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. मोजणी सुटली आणि तिच्या जागी ‘देवा’ आलं, आणि ताल तोच राहिला.

आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी रुग्णांना समोरच्या पेल्याला काय म्हणतात ते सांगता येत नाही, पण एक ते दहा आकडे ते घडाघडा म्हणतात. त्याच माणसापुढे तीन बोटं धरून ‘किती?’ विचारलं तर त्याला ‘तीन’ म्हणता येत नाही. त्याला एकपासून सुरुवात करून तीनपर्यंत यावं लागतं. आकडे, वार, महिने, लहानपणी पाठ झालेल्या प्रार्थना, शिव्या, आणि ‘अरे देवा’, ‘आई गं’ सारखे उद्गार, हे सगळं शाबूत राहतं. जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन या इंग्रज डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच हा फरक मांडला होता. एक बोलणं आपण विचार करून जुळवतो, दुसरं तयार असतं आणि आपोआप सुटतं. पहिल्याला मेंदूच्या डाव्या बाजूचे भाग फार लागतात. दुसऱ्याचा बराचसा भार उजवी बाजू आणि मेंदूच्या आतली, सवयीच्या हालचाली सांभाळणारी केंद्रं उचलतात, असं आज मानतात.

माझे एक रुग्ण होते, सत्तरीचे. त्यांना बायकोचं नाव घेता येत नव्हतं, ‘पाणी’ म्हणता येत नव्हतं. एकदा हातातून पेला निसटून फुटला आणि ते स्पष्ट, खणखणीत म्हणाले, “अरे देवा!” त्यांचा मुलगा शेजारीच बसला होता, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी आजोबांना म्हटलं, पुन्हा म्हणा ना. ओठ हलले, घाम फुटला, पण शब्द आला नाही. चार दिवसांनी पेन पडलं तेव्हा परत आला. हवा तेव्हा जो म्हणता येत नाही, त्या शब्दाला साक्षीदार म्हणून कसं उभं करायचं?

वाचाघाताच्या अभ्यासाची सुरुवातच अशा एका माणसापासून झाली आहे. १८६१ मध्ये फ्रेंच डॉक्टर पॉल ब्रोका यांनी ज्या रुग्णाबद्दल लिहिलं, त्याला ‘तां’ एवढंच म्हणता यायचं, पण संतापला की देवाच्या नावाची एक अख्खी शिवी त्याच्या तोंडून निघायची. कवी बोदलेअर यांची १८६६ मध्ये अशीच वाचा गेली आणि ‘क्रे नों’ एवढंच उरलं, म्हणजे ‘देवाचं पवित्र नाव’ या फ्रेंच शिवीचा तुटका तुकडा. त्यांची शुश्रूषा करणाऱ्या ख्रिस्ती जोगिणी ते ऐकून हादरल्या, त्यांना ते पाखंड वाटलं. तुमच्या नणंदेला तुमच्या तोंडच्या देवाच्या नावात श्रद्धा ऐकू आली, त्या जोगिणींना त्याच नावात देवद्रोह ऐकू आला. बोलणाऱ्याच्या मनात काय होतं, हे दोन्हीकडे कुणालाच कळलेलं नव्हतं.

म्हणून मला असं वाटतं की मोजण्याइतकीही शुद्ध जेव्हा उरली नाही तेव्हा मेंदूनं तयार शब्दांच्या त्याच खणातला आणखी जुना शब्द काढून दिला. तुम्ही एकोणपन्नास वर्षांच्या आहात आणि त्यातली निदान पहिली वीस तुम्ही देवाला हाक मारणाऱ्या घरात काढली असणार. तो शब्द तुमच्या मतांपेक्षा वयानं मोठा आहे.

नित्यनेम:

मी श्रद्धाळू माणूस आहे. चाळीस वर्षं सकाळची प्रार्थना चुकवलेली नाही. तरीही मी या बाईंच्या बाजूनं लिहितोय, कारण माझ्याकडे उलटा अनुभव आहे आणि तो मी आजवर कुणाला सांगितलेला नाही.

पाच वर्षांपूर्वी उतारावर माझ्या गाडीचे ब्रेक गेले. मागच्या सीटवर माझी नात होती. गाडी कठड्याला घासत जाऊन थांबली, कुणाला काही झालं नाही. त्या चार-पाच सेकंदांत माझ्या तोंडून देवाचं नाव आलं नाही. शिवी आली. मी घरात कधी उच्चारत नाही अशी, आईवरची. सात वर्षांच्या नातीनं ती ऐकली. नंतर कित्येक महिने प्रार्थनेला बसलं की तीच आठवायची आणि वाटायचं, इतक्या वर्षांत आपण काय कमावलं?

बाईंच्या ‘देवा’वरून त्या आस्तिक ठरत असतील, तर त्याच न्यायानं मी नास्तिक ठरतो. आणि मी नास्तिक नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. दोन्हीकडे एकच माप लावायला हवं.

आमच्या परंपरेतसुद्धा हा प्रश्न नवा नाही. भागवतातला अजामिळ मरताना ‘नारायणा’ अशी हाक मारतो, पण ती धाकट्या मुलाला, त्याचं नाव नारायण म्हणून. विष्णुदूत येतात आणि त्याला सोडवतात. ही गोष्ट सांगताना लोक नामाचा महिमा सांगतात, तो बरोबरच आहे. पण ती गोष्ट मुळात गृहीत काय धरते ते बघा. तोंडात देवाचं नाव आणि मनात दुसरंच कुणी, असं होऊ शकतं, हे तिला मान्य आहे. अजामिळाच्या मनात श्रद्धा होती असा दावा ती करत नाही. नावाच्या ताकदीबद्दल ती बोलते, बोलणाऱ्याच्या मनाबद्दल नाही. आणि गीतेच्या आठव्या अध्यायात अंतकाळच्या स्मरणाचा श्लोक आहे, त्याचा शेवट ‘सदा तद्भावभावितः’ असा आहे. ‘सदा’ हा शब्द लोक गाळून टाकतात. माणूस ज्यात कायम भिजलेला असतो त्याची ती गोष्ट आहे, एका क्षणाच्या किंकाळीची नाही.

माझ्या श्रद्धावान मित्रांनाही सांगावंसं वाटतं की एखाद्याचा जीव कासावीस झालेला असताना जे निघालं त्यावर आपला हक्क सांगू नका. भीतीनं पिळून काढलेला होकार देवाला कशाला हवा असेल?

उलटतपासणी:

सगळे एकाच बाजूला झुकताहेत, म्हणून मी दुसरी बाजू मांडतो. मी स्वतः देव मानत नाही, पण ‘हा नुसता मेंदूचा खण’ हे उत्तर मला फार सोयीचं वाटतं.

हेलसिंकीच्या संशोधकांनी २०१४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. देव मानणाऱ्या आणि न मानणाऱ्या माणसांना काही वाक्यं मोठ्यांदा वाचायला लावली. त्यातली काही देवाला आव्हान देणारी होती, म्हणजे ‘देवानं माझ्या आईवडिलांना बुडवून दाखवावं’ अशा धर्तीची. वाचताना तळव्याला किती घाम येतो ते त्वचेच्या विद्युतवहनावरून मोजलं. न मानणाऱ्यांनी सांगितलं ते असं, की मानणाऱ्यांना ती वाक्यं जितकी खटकली तितकी त्यांना खटकली नाहीत. पण त्यांच्या तळव्यांना मानणाऱ्यांइतकाच घाम आला होता. आणि देवाचं नाव न घेता तशीच अशुभ इच्छा बोलून दाखवणाऱ्या वाक्यांपेक्षा देवाच्या वाक्यांना जास्त आला होता.

त्यामुळे आत काहीतरी आहे. त्याला ‘विश्वास’ म्हणावं की नाही हा पुढचा प्रश्न. पण ते ‘काहीच नाही’ असं म्हणून झटकू नये. माणसाची मतं एका मजल्यावर राहतात आणि भीती दुसऱ्या, असं मला वाटतं. कोरीपाटी, तुम्ही पंचवीस वर्षं खोटं बोलत नव्हता, पण खालच्या मजल्यावर कोण राहतं याची चौकशीही केलेली नसावी. ती आता करायला हरकत नाही.

आणि नित्यनेम, तुमची शिवी आणि यांचं ‘देवा’ एकाच मापाचे नाहीत. शिवी कुणाला उद्देशून नसते. ‘देवा’ ही हाक आहे, संबोधन आहे. इतकी मिनिटं हाक मारायची आणि पलीकडे कुणीच नाही असंही म्हणायचं, हे मला तितकं सरळ वाटत नाही.

वाचासोबती:

संबोधनाबद्दल: ठेच लागली की आपण ‘आई गं’ म्हणतो. ज्यांची आई वीस वर्षांपूर्वी गेली तेही म्हणतात. तेही संबोधनच आहे. त्यावरून आई जिवंत आहे असं त्यांना वाटतं, असा अर्थ आपण काढत नाही.

तुमचा हेलसिंकीचा प्रयोग महत्त्वाचा आहे, मान्य. पण आईवडिलांच्या मरणाबद्दल मोठ्यांदा बोलताना देवाचं नाव आल्यानं घाम का वाढतो, याला लहानपणची भीती, समोर बसलेल्या माणसाचा संकोच, अशी बरीच कारणं असू शकतात. त्याच्या शेजारी दुसरे दोन प्रयोग ठेवून बघा. २००९ मध्ये इंग्लंडच्या कील विद्यापीठात रिचर्ड स्टीफन्स आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना बर्फगार पाण्यात हात धरून ठेवायला सांगितलं. शिवी पुटपुटणाऱ्यांनी साधा शब्द म्हणण्याच्या वेळेपेक्षा जास्त वेळ हात धरला. त्याच्या आदल्याच वर्षी ऑक्सफर्डमध्ये बारा श्रद्धाळू कॅथलिक आणि बारा न मानणारे यांना विजेचे हलके झटके देताना एकदा मेरीमातेचं चित्र दाखवलं, एकदा दुसऱ्या एका स्त्रीचं. मेरीच्या चित्रानं वेदना कमी झाली ती फक्त श्रद्धाळूंची. चोवीसच माणसं होती, म्हणून फार ताणू नये. पण मला यातून असं दिसतं की उद्गार कुणाच्याही कामी येतो, श्रद्धा मात्र ज्याच्याकडे असते त्यालाच आधार देते. त्यामुळे कोरीपाटींना विचारावंसं वाटतं, त्या ‘देवा’नं तुम्हाला धीर आला का?

निळीशाई:

मी विमानं दुरुस्त करणाऱ्यांपैकी आहे. आमच्या क्षेत्रात हा प्रश्न एकदा फार गंभीरपणे विचारला गेला आहे.

३१ ऑक्टोबर १९९९ ला न्यूयॉर्कहून कैरोला निघालेलं इजिप्तएअरचं बोइंग ७६७ अटलांटिकमध्ये कोसळलं. २१७ माणसं गेली. कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात सहवैमानिकाचं एक अरबी वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येतं, ‘तवक्कल्तु अलल्लाह’, म्हणजे मी देवावर भार टाकला. अमेरिकेत सुरुवातीला बातम्या आल्या त्या अशा, की हा मरायला निघालेल्या माणसाची प्रार्थना म्हणतोय. अरबी बोलणारे लोक चकित झाले. गाडी सुरू करताना, जिना चढताना, परीक्षेला बसताना म्हणतात ते हे वाक्य आहे, असं ते सांगत राहिले.

अमेरिकेच्या तपास यंत्रणेनं २००२ च्या अहवालात अपघाताचं कारण सहवैमानिकानं नियंत्रणं खाली ढकलली हेच दिलं, पण त्यानं तसं का केलं ते ठरवता आलं नाही असंही लिहिलं. इजिप्तनं हे मानलं नाही, त्यांच्या मते शेपटीकडच्या यंत्रणेत बिघाड होता. मला सांगायचंय ते वेगळंच. निष्कर्षाचा आधार ठरला तो उड्डाणाच्या नोंदींचा. कोणतं नियंत्रण कधी हललं, इंजिन कधी बंद झालं. शब्द तिथेच होते, मुद्रित, वेळेसकट, पण मनात काय होतं हे त्यांवरून सांगता आलं नाही. तुमच्याबद्दल मला विचाराल तर मी तुमच्या हातांची नोंद बघेन.

नित्यनेम:

निळीशाई, इथे मी तुम्हाला अडवतो. हात चालू राहिले यावरून त्या नास्तिक आहेत असंही ठरत नाही. माझ्यासारखा माणूसही प्रार्थना करत करत दाब देतच राहिला असता. हातांवरूनही विश्वास कळत नाही.

निळीशाई:

बरोबर. हे मी मागे घेतो.

जुनीवही:

थोडं वेगळं सांगते. अचानक आलेलं संकट आणि सावकाश आलेलं संकट यात फरक करायला हवा. देवाधर्माबद्दल शंका घेणारे स्कॉटलंडचे तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम १७७६ मध्ये पोटाच्या आजारानं झिजत होते. लेखक जेम्स बॉस्वेल ७ जुलैला त्यांना मुद्दाम भेटायला गेले, मरण समोर दिसल्यावर तरी हा माणूस परलोक मानतो का ते बघायला. ह्यूम शांतपणे म्हणाले, आपण कायम असू ही कल्पनाच पटण्यासारखी नाही. अस्वस्थ झाले ते बॉस्वेल. सात आठवड्यांनी ह्यूम गेले. त्यांना विचार करायला वेळ होता आणि त्यांनी जे सांगितलं ते विचार करून सांगितलं. म्हणून मला विचारावंसं वाटतं, कोरीपाटी, त्या नऊ मिनिटांचं तुम्ही लिहिलंत. नंतरच्या अकरा दिवसांचं काय?

कोरीपाटी:

तुम्ही सगळ्यांनी इतकं मन लावून लिहिलंत, मी दोन-तीनदा वाचलं.

जुनीवही, अकरा दिवसांचं सांगते. अतिदक्षता विभागाच्या बाहेर बाकांची एक रांग होती आणि समोरच प्रार्थनेची छोटी खोली. दार सताड उघडं असायचं. पहिले तीन दिवस तो शुद्धीवर येईल की नाही हे डॉक्टरही सांगत नव्हते. माझ्याकडे वेळच वेळ होता. ताईंनी दोनदा म्हटलं, जाऊन बस जरा आत. मी त्या दाराकडे तासन् तास बघत बसले. राग नव्हता, हट्ट नव्हता. उठावंसं वाटलं नाही. दर तासाला परिचारिका बाहेर यायची, तिच्या चेहऱ्याकडे मात्र मी जीव डोळ्यांत आणून बघायचे.

वाचासोबती, ‘धीर आला का’ या तुमच्या प्रश्नावर मी खूप अडकले. खरं उत्तर असं की ते ‘देवा’ मला आठवतच नाही, त्यामुळे धीर आला असेल तर तो मला माहीत नाही. धीर कशाचा आला ते आठवतं. त्या फोनवरच्या बाईंच्या ‘चालू ठेवा’चा.

उलटतपासणी, तुमचं म्हणणं मी टाकून देत नाही. हाक हाकच असते. त्या वेळी मला कुणीतरी हवं होतं, माझ्याहून मोठं, जे हे सगळं माझ्या हातून काढून घेईल. ते हवं असणं खरं होतं. ते तिथे आहे असं मला तेव्हा वाटत होतं की नाही, हे मी शपथेवर सांगू शकत नाही.

काल ताई आल्या होत्या. मी धीर करून विचारलं, “ताई, मी ते म्हणत होते तेव्हा तुम्ही काय म्हणत होतात?” मला वाटलं होतं त्या एखादी प्रार्थना सांगतील. इतक्या वर्षांचा नेम आहे त्यांचा.

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “काही नाही गं. माझा भाऊ तिथे पडला होता आणि मला एक अक्षर सुचेना. नाव घ्यायचं म्हटलं तर जीभ उचलेना. तू म्हणत होतीस ना, ते ऐकत उभी राहिले. निदान कुणीतरी म्हणतंय असं वाटलं.”

मग त्यांनी माझा हात हातात घेतला आणि तळवा उलटा करून बघितला, जिथे तेव्हा काळंनिळं झालं होतं. आता तिथे काही दिसत नाही.